मागच्या चाकांची गाडी, बर्फ आणि तांदळाची पोती

प्रश्न : नमस्कार. माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे, पोरगं जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीला. त्यानं तिकडं सेकंडहँड बीएमडब्ल्यू ३४०आय घेतलीया, ३२६ हॉर्सपॉवर आणि सगळी पॉवर मागच्या चाकांना. आता हिवाळा आला, ऑफिसातली पोरं म्हणायलीत बर्फात ही गाडी जागेवर नाचणार, विकून फोर व्हील ड्राइव्ह घे. पोरगं म्हणतंय विंटर टायर टाकतो, काय होत नाही. जुन्या मालकानं गाडीबरोबर ‘एम प्लस एस’ लिहिलेला टायरचा सेट दिलाय, तो चालेल का? आणि डिकीत पोती टाक म्हणून मी सांगितलं, आम्ही ॲम्बेसिडरला टाकायचो तशी, तर हसतंय माझ्यावर. त्याची आई रोज डोकं खातीया.
– एक वर्कशॉपवाले, उद्यमनगर

उत्तर : काका, आधी काकूंना सांगा, पोरगं बरोबर बोलतंय, पण अर्धंच.

गाडी विकायची काही गरज नाही. ३२६ घोडे आहेत म्हणून सगळे एकदम सोडायचे असं थोडंच आहे, ॲक्सिलेटर त्याच्याच पायाखाली आहे की. बर्फावर चाक फिरवायला एवढी पॉवर लागतच नाही, आपली ओम्नी पण फिरवेल. खरा घोळ रबराचा. जानेवारीत आपल्याकडं खोबरेल तेलाची बाटली सकाळी कशी घट्ट होऊन बसते, त्याच वळणाचं उन्हाळी टायरचं असतं, साधारण ७ डिग्रीच्या खाली गेलं की रबर आखडतं आणि रस्ता धरत नाही, मग बर्फ असो नसो. विंटर टायरचं रबर थंडीत पण मऊ राहतं. आणि त्याच्या नक्षीत ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक बारीक चिरा असतात, त्यांच्यात बर्फ अडकून बसतो. आता तुम्ही म्हणाल बर्फ अडकला तर घसरणार की. उलट. तालमीत पैलवान घामेजलेल्या अंगावर माती का टाकतात? मातीला माती धरते म्हणून. बर्फाला पण बर्फच धरतो.

तो एम प्लस एसचा (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) सेट मात्र बघून घ्यायला सांगा. त्या अक्षरांसाठी टायरची कुठली बर्फावरची टेस्ट लागत नव्हती, कंपनी आपली छापून मोकळी. टेस्ट पास झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह असतं आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून जर्मनीत हिवाळी टायर म्हणून तेच धरतात. चिन्ह नसेल आणि बर्फात गाडी बाहेर काढली तर ६० युरो दंड आणि लायसनवर एक पेनल्टी पॉइंट. चिन्ह असलं तरी नक्षी ४ मिलिमीटरच्या वर पाहिजे, कायदा १.६ वर थांबतो पण बर्फ थांबत नाही. आणि टायर चारी टाकायचे, नुसते मागचे दोन टाकून पैसे वाचवायचे नाहीत, कारण वळायचं काम पुढच्या चाकांचं आणि ब्रेकचं बरंचसं पण त्यांचंच. मागं २५५ मिलिमीटरचे रुंद टायर असतील तर विंटरला चारीकडं २२५ घ्यावेत (तुमच्या गाडीच्या कागदात तो साइज बसतोय का बघून), अरुंद टायर ताज्या बर्फात रुतून खालचा रस्ता गाठतो, रुंद टायर वर तरंगत बसतो.

आता अर्धंच का म्हटलं ते. विंटर टायर टाकले की पहिल्या दिवशी गाडी अशी मस्त निघते की पोरांना वाटतं झालं काम. पण दाबलेल्या बर्फावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या तिपटीच्या आसपास जागा लागते, विंटर टायर असून. ऑफिसातल्या फोर व्हीलवाल्यांना पण तेवढीच लागते, कारण ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारी चाकांचा असतो. ते चढावर सहज चढतात आणि त्यांना रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही, पुढच्या सिग्नलला कळतं. मागच्या चाकांची गाडी सिग्नलवरनं निघतानाच बूड हलवून सांगते की बाबा आज बेत बरा नाही. मला तर ही गाडी जास्त प्रामाणिक वाटते.

माझी ओम्नी पण मागच्या चाकांचीच होती. एका जुलैत करूळ घाट उतरताना पावसात तिसऱ्यातनं दुसऱ्यात टाकला आणि क्लच फटकन सोडला, इंजिननं मागची चाकं अशी ओढून धरली की कुणी हँडब्रेक मारल्यासारखं बूड कठड्याकडं गेलं. चूक माझीच. बर्फात हे दहापट. म्हणून उतारावर खालचा गियर आधीच, वेग कमी असताना घ्यायचा, वळणात पाय झटक्यात उचलायचा नाही, निघताना दुसऱ्या गियरमध्ये हळू. बूड सुटलंच तर ॲक्सिलेटर हलकेच कमी करून स्टिअरिंग बूड जाईल त्या बाजूला थोडं आणि नजर जिकडं जायचंय तिकडं, कठड्याकडं बघितलं की गाडी कठड्याकडंच जाते. चढावर अडकला तर डीएससीचं (गाडी घसरू नये म्हणून आपोआप सावरणारी यंत्रणा) बटण एकदाच दाबून सोडायचं, मग गाडी चाकं थोडी फिरू देते. बटण दाबून धरलं तर सगळंच बंद होतं, त्या वाटेला जाऊ नको म्हणावं.

एडीएसी म्हणून तिकडची मोटारवाल्यांची मोठी संघटना आहे, १९०३ मध्ये श्टुटगार्टातच मोटरसायकलवाल्यांनी सुरू केलेली, त्यांचं ड्रायव्हिंग ट्रेनिंग असतं, निसरड्या पट्ट्यावर गाडी मुद्दाम घसरवून दाखवतात. तेवढे पैसे तुम्ही द्या हवं तर, पोराला बर्थडे गिफ्ट.

राहिली तुमची पोती. हसायचं कारण नाही, पूर्वी तिकडचे लोक पण वाळूची पोती टाकायचेच. पण ॲम्बेसिडरचं मागचं हलकं होतं, या गाडीत वजन पुढंमागं जवळपास निम्मंनिम्मं वाटलेलं आहे, फरक थोडाच पडणार. सुटं पोतं जोरात ब्रेक मारला की पुढं येतं आणि अगदी मागं ठेवलं तर बूड घसरताना लंबकासारखं ओढतं. त्यापेक्षा पेट्रोलची टाकी भरलेली ठेव म्हणावं, ती मागच्या सीटखालीच असते. काकूंना आजरा घनसाळ तांदूळ पाठवायचाच असेल तर खायला पाठवू द्या.

प्रश्न : डिसेंबरात क्रिस्टा घेऊन मनालीला जायचंय, विंटर टायर घेऊ का?
– राजारामपुरी

उत्तर : नको. जायचेच दोन हजार किलोमीटरच्या वर होतात, त्यातला बर्फ शेवटचा थोडासा, बाकी डांबरावर ते मऊ टायर झिजून जातील. क्रिस्टा पण मागच्या चाकांचीच आहे, त्यामुळं बर्फासाठी टायरवर चढवायच्या साखळ्या घेतल्या तर मागच्या चाकांना लावायच्या, पुढं नाही, आणि ४० च्या पुढं पळवायची नाही. बर्फ जास्त पडला की सोलंग आणि अटल टनेलकडं पोलीस फोर बाय फोरच सोडतात, तेव्हा गाडी हॉटेलला लावा आणि तिथली टॅक्सी करा. साखळी लावायची प्रॅक्टिस मात्र इथंच घराच्या दारात करून जा, तिथं बोटं वळत नाहीत.