थंडीत कॅमेऱ्याला कोणती बॅटरी?

प्रश्न : फेब्रुवारीत हिमबिबट्या पाहायला स्पितीतल्या किब्बरला जातोय. मागे मनालीच्या बर्फात माझा मिररलेस (आत आरसा नसलेला, दृश्य पडद्यावर दाखवणारा) कॅमेरा बॅटरी अर्धी दाखवत असतानाच बंद पडला आणि हॉटेलवर आल्यावर आपोआप ठीक झाला. थंडीसाठी वेगळी बॅटरी मिळते का? सोबत बाबांचा पेन्सिल सेलवर चालणारा छोटा कॅमेराही नेणार आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : बॅटरी टाकून देऊ नका, ती चांगली आहे. हॉटेलच्या उबेत ती परत चालली, यावरूनच ते कळतं. गारठ्यात लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो. अशा वेळी धडाधड फोटो काढले की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि कॅमेरा बॅटरी संपली असं समजून बंद होतो. चार्ज मात्र आत शिल्लक असतो.

म्हणून वेगळं काही शोधण्यापेक्षा कॅमेऱ्याच्याच कंपनीच्या दोन जादा बॅटऱ्या घ्या आणि त्या अंगालगत ठेवा. जॅकेटच्या बाहेरच्या खिशात नव्हे, आतल्या शर्टाच्या खिशात, बॅटरीचं टोपण लावून. त्या खिशात किल्ल्या, नाणी नकोत. कॅमेऱ्यातली थंडावली की खिशातली घाला आणि थंडावलेली खिशात टाका. तासाभराने ती पुन्हा उपयोगी पडते. कड्यावर तासन्‌तास नुसतं बघत बसावं लागतं, तेव्हा शोध दुर्बिणीने घ्या, कॅमेरा बंद ठेवा. मिररलेसचा पडदा नुसता चालू असला तरी बॅटरी खातो. हात शेकायच्या पुड्यांवर फार विसंबू नका : त्या हवेतल्या ऑक्सिजनवर तापतात आणि किब्बर 4,200 मीटरच्या आसपास आहे, तिथल्या विरळ हवेत त्या कमी तापतात.

बाबांच्या कॅमेऱ्यासाठी मात्र सेल निवडूनच घ्यायला हवा. साधे अल्कलाइन सेल अशा थंडीत लवकर मान टाकतात. 1.5 व्होल्टचे, चार्ज न होणारे लिथियम सेल घ्या. महाग आहेत, पण उणे 40 अंशांपर्यंत चालतात आणि वजनालाही हलके, एक सेल साधारण 15 ग्रॅमचा. पुन्हा चार्ज होणारेच हवे असतील तर एनेलूप या ब्रँडसारखे निकेल-मेटल हायड्राइड सेल चालतील. एक गोष्ट कृपा करून नीट पाहा : अगदी त्याच मापाचे 3.7 व्होल्टचे लिथियम-आयन सेलही बाजारात मिळतात. ते चुकून घातले तर कॅमेरा जळू शकतो. वेष्टनावरचं व्होल्टेज वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

संध्याकाळी खोलीवर आल्या आल्या गार बॅटरी चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि बॅटरी कायमची अधू होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. रात्री बॅटऱ्या पांघरुणात घेऊन झोपा. विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनच्या सामानात त्या चालत नाहीत.