नगरपरिषदेतील संगणक कर्मचाऱ्यांची कौशल्ये कशी वाढवावीत आणि कशी टिकवावीत?

आपण 'ब' वर्ग नगरपरिषदेत प्रशासकीय अधिकारी आहात, आपल्याकडे एक संगणक अभियंता आणि बाह्यस्रोत संस्थेमार्फत घेतलेले चार ऑपरेटर आहेत, आणि प्रशिक्षणासाठी अंदाजपत्रकात ठेवलेली थोडी रक्कम कोणत्या अभ्यासक्रमावर खर्च करावी, असे आपण विचारले आहे. नगरपरिषदांच्या संगणक विभागातच माझी नोकरी झाली असल्यामुळे स्पष्टच सांगतो की, अभ्यासक्रमाचा विचार नंतर करावा. त्याआधी आपल्या अभियंत्याचा दिवस कशात जातो, ते आठवडाभर पाहावे.

राज्यस्तरीय नगरपरिषद सेवेत संगणक अभियांत्रिकीचा स्वतंत्र संवर्ग आहे. स्पर्धा परीक्षा देऊन आलेला हा पदवीधर रुजू होताच कार्यालय त्याला प्रिंटर, व्हीसीची (व्हिडिओ कॉन्फरन्सची) जोडणी, सभागृहातला माइक आणि साहेबांचा मोबाइल यांच्या हवाली करते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज आले, तेव्हा अनेक ठिकाणी अभियंत्यांनीही नोंदी करत बसून रात्री काढल्या. तशी निकड असेल तर कोणाची तक्रार नसते, पण एरवीही हेच चालू राहिले की दोन-तीन वर्षांत त्याचे शिक्षण गंजते आणि आपण त्याला 'प्रशिक्षणाला' पाठवायला निघतो. म्हणून पहिली सुधारणा विनाखर्चाची आहे. किरकोळ दुरुस्त्या वार्षिक देखभाल करारात घालाव्यात, पहिली तक्रार एका ऑपरेटरने नोंदवहीत घ्यावी आणि अभियंत्याने कोणती कामे करायची नाहीत, हेही मुख्याधिकाऱ्यांच्या सहीच्या कार्यालयीन आदेशात लिहावे. आदेश नसेल तर तो बिचारा नाही म्हणू शकत नाही.

त्याला मग काय यायला हवे? माझ्या मते प्रोग्रामिंग हे उत्तर नाही, कारण नगरपरिषदेची प्रणाली ठेकेदाराची असते आणि तिच्यात बदल ठेकेदारच करतो. ठेकेदाराने केलेले काम बरोबर आहे की चूक, हे ओळखणारा माणूस कार्यालयात असणे, ही खरी गरज आहे. आणि त्यासाठी संगणकाइतकीच कायद्याची जाण लागते.

मालमत्ता कराचे उदाहरण थोडे विस्ताराने देतो. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते. एका नगरपरिषदेत प्रणाली वर्षअखेरीस शिल्लक पुढे ओढताना मागील शास्ती मूळ थकबाकीत मिळवून टाकत होती आणि नव्या वर्षात शास्तीवरही शास्ती लागत होती. एखादा जागरूक नागरिक देयक घेऊन आला की ऑपरेटर त्याच्यापुरता आकडा हाताने दुरुस्त करी; बाकीची खाती तशीच राहत. 'प्रणाली चुकीची देयके काढते' अशी पत्रे ठेकेदाराला जात आणि 'आपल्याकडील माहिती चुकीची भरली गेली आहे' असे ठरलेले उत्तर येई. अभियंत्याला टेबलमधली माहिती वाचता येत होती, पण शास्तीचा नियम ठाऊक नव्हता. कर निरीक्षकांना नियम पाठ होता, पण पडद्यामागे काय घडते ते दिसत नव्हते. शेवटी दोघांना एका टेबलावर बसवून निवडक थकबाकीदारांची खाती कागदावर वर्षागणिक मांडायला लावली, तेव्हा नेमक्या कोणत्या टप्प्यावर दोन रकाने एकत्र होतात ते सापडले. त्यानंतर गेलेल्या पत्राला, अर्थातच, ते ठरलेले उत्तर आले नाही. त्या बैठकीत दोघेही जे शिकले, ते कोणत्याही वर्गात शिकवले जात नाही.

म्हणून आपल्या अभियंत्याला दर चार वर्षांनी होणाऱ्या चतुर्वार्षिक कर आकारणीच्या एका पूर्ण फेरीत, म्हणजे सर्वेक्षणापासून हरकतींच्या सुनावणीपर्यंत, कर विभागाबरोबर बसवा. बांधकाम परवानगीतही तेच आहे. २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली ज्याने उघडूनही पाहिलेली नाही, तो ऑनलाइन नकाशा तपासणीतील अडचण नगररचनाकाराला समजावू शकत नाही आणि ठेकेदारालाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यातील २०२३ ची दुरुस्ती, दुहेरी नोंद पद्धतीचे लेखे, लोकसेवा हक्क अधिनियमातील मुदती हे सारे त्याच्या अभ्यासाचे विषय आहेत, आणि ते शिकवणारी माणसे आपल्याच इमारतीत बसतात. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या ई-गव्हर्नन्सचा नमुना राज्यभर गेला, तेव्हा प्रणाली गावोगाव पोहोचली. ती समजून घेणारी माणसे त्या वेगाने तयार झाली नाहीत, हे आपण आजही भोगतो आहोत.

बाहेरचे प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणत नाही. एमएस-सीआयटी हा फक्त उंबरठा आहे आणि तो बहुतेकांनी कधीच ओलांडला आहे. आयगॉट कर्मयोगी या केंद्र सरकारच्या ऑनलाइन प्रशिक्षण मंचावरील अभ्यासक्रमांना शुल्क लागत नाही. पण व्हिडिओ चालू ठेवून शेजारी चहा घेत मिळवलेली प्रमाणपत्रेही मी भरपूर पाहिली आहेत. त्यामुळे त्यांची संख्या मोजण्यापेक्षा, शिकलेल्यापैकी एक गोष्ट पुढच्या महिन्यात कार्यालयात लागू करून त्याची टिपणी सादर करायला सांगणे बरे. सायबर सुरक्षेसाठी सी-डॅक या केंद्रीय संगणक संशोधन संस्थेचे जनजागृतीचे साहित्य चांगले आहे. यशदा या राज्याच्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेच्या सत्रांना पाठवताना विषय आपण निवडावा. 'कोणाला तरी पाठवा' असे पत्र आले म्हणून मोकळा दिसणारा माणूस पाठवू नये.

सुरक्षिततेबाबत थोडे कठोर लिहितो. सर्ट-इन या सायबर घटना हाताळणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटनेची माहिती ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे प्रणालीतील हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या स्मार्ट सिटी प्रकल्पातील सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला होता. तेव्हा हे संकट महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांपासून दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही. शनिवारी रात्री सर्व्हर बंद पडला तर कोण कोणाला फोन करणार आणि सर्ट-इनला कोण कळवणार, हे आपल्याकडे लिहिलेले आहे का? 'बॅकअप रोज घेतो' हे उत्तर पुरेसे नाही. तिमाहीत एकदा एका सुट्या संगणकावर तो बॅकअप परत लावून, एखाद्या प्रभागाची एकूण कर मागणी मूळ प्रणालीतील मागणीशी जुळते का, ते अभियंत्याने दाखवावे. पहिल्या वेळी ती जुळली नाही किंवा बॅकअप उघडलाच नाही, तर रागावू नका. संकटाच्या दिवशी कळण्याऐवजी ते आधी कळले. याच अनुषंगाने आणखी एक: अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीचे डोंगल आणि पिन ऑपरेटरच्या खणात ठेवण्याची पद्धत जिथे आहे, तिथे प्रशिक्षणाची गरज ऑपरेटरला नसून अधिकाऱ्यांना आहे.

आता कंत्राटी ऑपरेटर. त्यांना शिकवले तर ते सोडून जातील, हा आक्षेप मी प्रत्येक ठिकाणी ऐकला आहे. ते न शिकवताही जातात. वर्षानुवर्षे कराच्या नोंदी करणाऱ्या या मुला-मुलींचे नाव कोणत्याही सेवापुस्तकात नसते. ग्रामपंचायतींतील संगणक परिचालकांची आंदोलने आपण पाहिलीच आहेत. आपल्या ऑपरेटरांना किमान प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र त्यांच्या नावाने मिळावे आणि संस्था बदलली तरी अनुभवाचे पत्र मिळावे, एवढे तरी आपल्या हातात आहे. निविदेत मात्र अटी नीट घाला: ऑपरेटर बदलायचा असल्यास पूर्वसूचना, नव्याबरोबर काही दिवस एकत्र काम, आणि ज्याचे त्याने मराठीत, पडद्यांच्या चित्रांसह लिहिलेले कामाचे टिपण. सॉफ्टवेअर ठेकेदाराच्या करारातही सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळण्याची आणि डेटाबेसच्या रचनेच्या दस्तऐवजाची अट असावी. या दोन ओळी नसल्या की मुदतवाढीवर मुदतवाढ देत बसावे लागते.

आपला अभियंताही राज्य संवर्गातील असल्यामुळे त्याची बदली होणारच. त्यासाठी एका कागदावर तीन रकाने करा: काम, ते कोणाला येते, आणि त्याच्या गैरहजेरीत कोणाला येते. तिसरा रकाना जिथे रिकामा असेल, तिथून शिकवायला सुरुवात करा, आणि पहिला माणूस रजेवर गेला की ते काम खरोखरच दुसऱ्याला करू द्या. फोनवरून विचारून निभावून नेऊ देऊ नका. प्रभार हस्तांतरणाच्या यादीत संकेतस्थळाच्या डोमेनची नोंदणी, होस्टिंग आणि प्रणालीचे मुख्य लॉगिन कार्यालयीन ईमेलवर आहेत याची खात्री नोंदवलेली असावी, कारण डोमेन ठेकेदाराच्या वैयक्तिक ईमेलवर असणे ही दुर्मीळ गोष्ट नाही. अभियंत्याच्या कार्यमूल्यमापन अहवालात 'कामकाज समाधानकारक' असे न लिहिता बॅकअपची चाचणी, तयार केलेली टिपणे आणि ठेकेदाराच्या पकडलेल्या चुका यांचा उल्लेख केलात, तर त्याला पदोन्नतीसाठी उपयोग होईल आणि पुढच्या अभियंत्यालाही आपण काय पाहता ते कळेल.

आपण विचारलेल्या रकमेचे म्हणाल, तर त्यातून अभियंत्याला डेटाबेसचा एक चांगला अभ्यासक्रम द्यावा आणि उरलेल्या पैशात दोन ऑपरेटरांची सायबर सुरक्षेची किंवा लेखा प्रणालीची फी भरावी. बॅकअपच्या चाचणीसाठी नवा संगणक घेण्याची गरज नसते. भांडारात पडलेला एखादा जुना चालतो. मार्चअखेरीस निधी व्यपगत होईल म्हणून हॉटेलात एकदिवसीय कार्यशाळा मात्र घेऊ नये, आणि प्रशिक्षणाच्या या लेखाशीर्षातून यूपीएसच्या बॅटऱ्याही घेऊ नयेत. लेखापरीक्षणात तो आक्षेप हमखास निघतो.