कॉलनीतली मुलं पुढे येत नाहीत, काय करू? – पूर्व भागातल्या एका अक्काचं उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुळे सोलापुरात तुमची कॉलनी. उन्हाळ्याच्या सुट्टीत चौदा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींचा गट काढलात. पहिल्या रविवारी बावीस जण आले. तुम्ही वक्ते आणले, अध्यक्ष-उपाध्यक्ष निवडले, टी-शर्टसुद्धा छापले. आता तिघं येतात, आणि त्यातला एक तुमचाच मुलगा. म्हणून विचारताय की या पिढीला समाजाचं काही पडलंय की नाही, आणि यांच्यातून पुढारी घडवायचे तरी कसे.

पडलंय हो. तुमच्या बैठकीचं पडलेलं नाही, एवढंच. राग मानू नका, माझ्याही पहिल्या गटाचं असंच झालं होतं. माझ्याकडे तर टी-शर्टही नव्हते.

मी पूर्व भागात राहते. घरासमोर यंत्रमाग, मागे विडी वळणाऱ्या बायका, बोलायला तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात थोडं कन्नड, थोडं दखनी. गेली सतरा वर्षं एका खोलीत संध्याकाळची अभ्यासिका चालवते. पोरं मला अक्का म्हणतात. पुढारी घडवायचं काम मी ठरवून कधी केलं नाही, पण आमच्या गल्लीत काय घडलं आणि माझं कुठे चुकलं ते सांगते.

सुरुवात लेझीमपासून करते. तुम्ही सोलापूरचेच, म्हणजे गणपतीच्या आधी महिनाभर गल्लोगल्ली रात्री सराव कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे. शिट्टी कोणाच्या तोंडात असते ते कधी पाहिलंय? बरेचदा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असतो. शाळेत मागच्या बाकावर बसणारा, मराठीचा धडा अडखळत वाचणारा. तोच तिथे शंभर जणांना एका शिट्टीवर वळवतो, चुकलेल्याला बाजूला काढतो, रुसलेल्याला घरून आणतो, ढोलवाल्याशी पैशांचं बोलतो. त्याला शिबिरात कोणी पाठवलं नव्हतं. शिट्टी त्याच्याकडे दिली आणि मोठी माणसं कडेला जाऊन गप्पा मारत बसली. मिरवणुकीत रांग मोडली तर सगळ्या पेठेसमोर लाज त्याची जाणार, हे त्याला माहीत असतं. बाकी काही लागत नाही.

आता आपण बैठकांमध्ये काय करतो ते बघा. १२ जानेवारी घ्या. १९३१ साली याच दिवशी इंग्रजांनी येरवड्याच्या तुरुंगात आपल्या सोलापूरच्या चौघा स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिलं: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कुर्बान हुसेन तेव्हा नुकते विशीत होते. वर्तमानपत्र चालवत होते आणि गिरणी कामगारांमध्ये वावरत होते. विवेकानंद जयंती म्हणून युवा दिनही त्याच तारखेला. आणि आपण त्या दिवशी पोरांना काय काम देतो? रांगेत उभे राहा, हार घाला, सतरंजीवर बसा, साठीच्या वक्त्याचं तासभर ऐका, टाळ्या वाजवा. विशीतल्या माणसाने काय केलं हे सांगण्यासाठी सोळा वर्षांच्या मुलाला गप्प बसवतो.

रॉजर हार्ट नावाच्या अभ्यासकाने १९९२ साली युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना तो सहभाग मानतच नाही: मुलांना वापरून घेणं, मुलांना शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं. मला ती वाचताना आपले चौकातले फ्लेक्स आठवले. वर भाऊंचा मोठा फोटो, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून गॉगल लावलेली दहावी-अकरावीची पोरं. त्यांना वाटतं आपण राजकारणात आलो. नगरसेवक व्हायला वय एकवीस लागतं, मत द्यायला अठरा. खालच्या ओळीतल्या फोटोला मात्र वयाची अट नाही. तुमचे टी-शर्ट आणि ते फ्लेक्स यांच्यात मला फार फरक दिसत नाही, दादा. दोन्हीकडे पोरगं शोभेलाच आहे.

आता आमच्या पाण्याची गोष्ट.

सहा-सात वर्षांपूर्वी अभ्यासिकेतल्या चौदा जणांना मी म्हटलं, गल्लीसाठी काहीतरी करू या, काय करायचं ते तुम्ही ठरवा. लगेच उत्तर आलं, “स्वच्छता मोहीम!” दुसरा म्हणाला, “वृक्षारोपण!” मोठ्यांना काय आवडतं हे पोरांना पाठ असतं. मी म्हटलं, ते राहू दे, तुमच्या घरात भांडण कशावरून होतं ते सांगा. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग नववीतली एक मुलगी, कधी तोंड न उघडणारी, म्हणाली, “अक्का, पाणी कधी येणार ते कळत नाही. आई कारखान्यावर विड्या द्यायला जाते, बाबा मागावर. पाण्यासाठी मलाच थांबावं लागतं. माझी शाळा बुडते.”

तुम्हाला सांगायला नको, उजनी धरणात कितीही पाणी असलं तरी आपल्या नळाला ते तेव्हा चार-पाच दिवसांआड यायचं. आमच्याकडे कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी. ज्याच्या घरी कोणी नाही त्याची भांडी रिकामी.

पोरांनी एक वही घातली. गल्लीत चार ठिकाणं ठरवली: तोंडाशी, वडाजवळ, पिठाच्या गिरणीपाशी आणि शेवटचं घर. पाणी आलं की वेळ लिहायची, गेलं की वेळ लिहायची, एक घागर भरायला किती मिनिटं लागली तेही लिहायचं. ही घागरीची युक्ती एका सातवीतल्या पोराची, मला सुचली नसती. शिवाय चावीवाल्याशी ओळख काढली. महापालिकेचा जो माणूस व्हॉल्व्ह सोडतो त्याला आमच्याकडे चावीवालाच म्हणतात. सगळी गल्ली त्याला शिव्या घालायची, ही पोरं त्याला पाणी विचारायला लागली, म्हणजे प्यायला. तो मग आदल्या रात्री सांगून जायला लागला. पोरं घराघरात निरोप द्यायची, म्हाताऱ्यांना तेलुगूत. एकट्या राहणाऱ्या चार आज्यांची पिंपं आधी भरायची हेही त्यांनीच ठरवलं.

दोन महिन्यांनी वही बोलायला लागली. गल्लीच्या तोंडाशी घागर भरायला जेवढा वेळ, त्याच्या तिपटीहून जास्त वेळ शेवटच्या घराला. का? पहिल्या आठ-दहा घरांत नळाला थेट मोटर लावलेली. हे बेकायदा आहे हे सगळ्यांना माहीत, तरी लावलेली.

त्या संध्याकाळी ती नववीतली मुलगी आणि दोघं माझ्यासमोर येऊन उभी राहिली. वही छातीशी धरलेली. “अक्का, मोटरवाल्या घरांत तुमचं पण घर आहे.”

दादा, खरं सांगते, मला राग आला. मी यांना खोली दिली, वही दिली, चहा दिला आणि ही माझ्याच नळावर आली. मी म्हटलं, “बघते.” चार दिवस काही बघितलं नाही. घरात सासूबाईंशी बोलले तर त्या म्हणाल्या, पोरांना शेफारून ठेवलंयस. पाचव्या दिवशी पाणी आलं तेव्हा मोटर लावली नाही. भरायला अडीच तास लागले, कंबर मोडली. पण त्यानंतर पोरं शेजारच्या घरी गेली तेव्हा त्यांच्याकडे एक वाक्य होतं: “अक्कांनी काढली.” दहापैकी सहा घरांनी काढली. चौघांनी पोरांना हाकलून दिलं. एका मुलाच्या काकांनीच हाकललं.

मुलांच्या पुढे येण्याबद्दल मोठमोठं बोलणाऱ्या किती जणांना या पाचव्या दिवसाची कल्पना असते, मला शंका आहे. मुलं खरोखर पुढे आली की पहिली अडचण आपल्यालाच होते. ती सोसायची तयारी नसेल तर वृक्षारोपण बरं. झाडं मोटरबद्दल विचारत नाहीत.

आणि माझी दुसरी चूक. वही घेऊन आम्ही महापालिकेच्या एका कार्यालयात गेलो. पोरांनी काय बोलायचं त्याची तयारी केली होती, कोण आधी, कोण नंतर. साहेब चांगले होते, खुर्ची दिली, पण बोलायला लागले ते माझ्याकडे बघून. “मॅडम, काय विषय आहे?” आणि मी उत्तर दिलं. सवयीने. पूर्ण दहा मिनिटं मीच बोलले, फार चांगलं बोलले असं मला वाटलंही. ती मुलगी वही मांडीवर धरून बसून राहिली. परत येताना रिक्षात एक शब्द नाही. त्यानंतर तिने वहीची जबाबदारी दुसऱ्याला दिली आणि तीन आठवडे आली नाही. मी तिच्या घरी गेले तेव्हा ती तेंदूची पानं कापत होती, मान वर न करता म्हणाली, “तुम्हालाच येतं की बोलायला. मी कशाला?”

पुढच्या वेळी मी कार्यालयाच्या बाहेर, टपरीवर बसले. दोन चहा झाले. आत काय बोलणं झालं ते मला आजही नीट माहीत नाही. आमच्या गल्लीच्या पाण्याची वेळ पुढे बऱ्यापैकी ठरून गेली, ती त्या भेटीमुळे की चावीवाल्यामुळे, कोण जाणे. पण ती मुलगी वही परत घेऊन गेली.

आता तुमच्यासाठी. अध्यक्ष-उपाध्यक्ष बरखास्त करा. पदं दिली की जो मोठ्याने बोलतो तो अध्यक्ष होतो, आणि बहुतेक वेळा ज्याचे वडील सोसायटीच्या कमिटीत असतात तो. कामं वाटा, ती दर दोन महिन्यांनी फिरवा. एनसीसी, स्काउट-गाइड, राष्ट्रीय सेवा योजना यांना मी नावं ठेवत नाही, शिस्त आणि कष्टाची सवय तिथे लागते. पण तिथलं काम बहुतेक वरून ठरून येतं, म्हणून तुमच्या गटात तरी ते मुलांकडून येऊ द्या.

थोडे पैसे द्या आणि हिशेब भिंतीवर लावायला सांगा. आम्ही महिन्याला पाचशे द्यायचो. एकदा पोरांनी त्यातले साडेतीनशे एकाच दिवशी बॅनरवर घालवले, आणि बॅनरवर गल्लीचं नावच चुकीचं. मी ना ओरडले, ना भर घातली. महिनाभर वहीला पेन उसनं आणायची वेळ आली. बॅनर पुन्हा कोणी छापला नाही.

मुलींची वेळ आधी विचारा. आमच्याकडे मुलगे रात्री नऊला मोकळे, मुलींना सातच्या आत घरी. बैठक साडेआठला ठेवली की मुली आपोआप गळतात, आणि मग आपण म्हणतो मुली पुढे येत नाहीत. आईवडिलांना स्वतः भेटा, काम काय आहे ते सांगा. त्यांच्या परवानगीशिवाय कुठे नेऊ नका, कोणाचे फोटो ग्रुपवर टाकू नका. कुणाच्या मोटरला किंवा वायरला पोरांनी हात लावायचा नाही, भांडायलाही जायचं नाही. बोलून यायचं, नाही ऐकलं तर वहीत लिहायचं. हा एक नियम मात्र मी घातला होता आणि त्यावर मत विचारलं नव्हतं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की दहावी-बारावीवाल्यांना सोडून द्या. परीक्षा संपल्यावर ती येतात. नाही आली तरी चालतं, खालची नववीवाली तोवर तयार होते.

प्रमाणपत्राचंही विचारलंय तुम्ही. देऊ नका असं म्हणत नाही, कॉलेजात कुठेतरी लागत असेल. पण त्यावर ‘उत्कृष्ट नेतृत्व’ वगैरे न लिहिता काय केलं ते लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत पाण्याची वही ठेवली. वाचणाऱ्याला समजेल.

आणि तीनच उरलेत म्हणून खचू नका. तुमच्या मुलाला थोडे दिवस घरी ठेवा, त्याच्यासमोर बाकीचे दोघं तुमच्याबद्दल खरं बोलणार नाहीत. त्या दोघांना रविवारी बोलवा. कॉलनीत कशावरून भांडणं होतात ते विचारा. तुमच्याकडे लिफ्ट असेल, पार्किंग असेल, कुत्री असतील, पाणी तर आहेच. मग पंधरा मिनिटांनी काहीतरी खायला आणतो म्हणून उठा आणि मुद्दाम लांबच्या दुकानात जा. शेंगाचटणी आणि कडक भाकरी आणायला पार नवी पेठेत गेलात तरी चालेल. परत आल्यावर काय ठरलं ते विचारू नका, त्यांना सांगायचं असेल तर सांगतील. पहिल्या खेपेला बहुधा मोबाइल बघत बसलेले सापडतील. भाकरी खाऊ द्या आणि पुढच्या रविवारी पुन्हा जा.