नावंही परत येतात, ताई

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सासऱ्यांची ५०० जीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क आहे. गुरुवारची भजनं, पाहुण्यांच्या गप्पा, असं ४००च्या आसपास रेकॉर्डिंग त्यांनी तीत साठवलं. नावं काही मराठीत, काही गुजरातीत. ते गेल्या वर्षी गेले. आता फोल्डर उघडायला पाच-सात मिनिटं लागतात आणि कॉपी मध्येच अडकते. आवाज मात्र नेहमीचाच आहे. भाच्याने पूर्वी त्याच्या लिनक्स लॅपटॉपवर थोड्या फायलींची झिप केली होती. ती माझ्या विंडोजवर उघडली तर नावांच्या जागी ग्रीक आल्फासारखी चिन्हं दिसतात. दुकानात म्हणाले, "फायली काढून देऊ, नावं विसरा. इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतली नावं येत नाहीत." खरं आहे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : नाही ताई, हे खरं नाही. आणि तुम्ही 'नावं विसरा' यावर गप्प बसला नाहीत, याचं मला फार बरं वाटलं.

विंडोजच्या एनटीएफएस (फायली मांडून ठेवण्याची विंडोजची नेहमीची पद्धत) डिस्कवर फाईलचं नाव आणि आतला आवाज बहुतेक वेळा वेगवेगळ्या जागी असतात. नाव एका मोठ्या नोंदवहीत असतं. तिथे मराठी, गुजराती, इंग्रजी असा भेद नाही. 'क' असो की 'ए', प्रत्येकाला दोनच बाइट. त्यामुळे ही नोंदवही वाचता आली तर नावं जशीच्या तशी येतात. दुकानदार म्हणतात ते घडतं ते फोटोरेकसारखा प्रोग्रॅम आधी चालवल्यावर. तो नोंदवहीकडे बघतच नाही. डिस्क चाळत 'इथे एमपीथ्री सुरू झाली' हे ओळखून तुकडा उचलतो आणि त्याला एफ व पुढे आकडे असं नाव देतो. मग इंग्रजी नावंही जातात. यात भाषेचा काही दोष नाही.

हे मी पोळून शिकलो आहे. माझ्या आईच्या ओव्यांची डिस्क अशीच अडकू लागली तेव्हा मी घाईने थेट फोटोरेक लावला. १४० फायली आल्या, सगळ्या बिननावाच्या. दोन महिने रोज संध्याकाळी एकेक ऐकून नावं लावली. एका फाईलमध्ये फक्त झोपाळ्याच्या कड्यांची करकर आहे आणि मागे कुणीतरी आईला हाक मारतं. ते साल कुठलं, घर कुठलं, आता सांगणारं कुणी नाही. फाईलच्या नावात ते होतं.

म्हणून आधी डिस्क काढून ठेवा. विंडोजने 'स्कॅन करून दुरुस्त करू का' किंवा 'फॉरमॅट करा' असं विचारलं तर नाही म्हणा. दोन्ही गोष्टी त्याच आजारी डिस्कवर लिहितात. कट-कट असा ठेका ऐकू येऊ लागला तर पुढचं काहीच घरी करू नका. डिस्क बंद करा आणि जिथे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात तिथेच द्या. आवाज नेहमीचा आहे तोवर भाच्याला हाताशी घ्या. त्याच्या लिनक्सवर डीडीरेस्क्यू घालून अख्ख्या डिस्कची एकच इमेज, म्हणजे एका फाईलमधली हुबेहूब नक्कल, नव्या डिस्कवर काढायची. नवी डिस्क १ टीबीची घ्या. हा प्रोग्रॅम आधी चांगला भाग उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी तिथे परत येतो. कुठवर आलो हे तो मॅप फाईलमध्ये लिहून ठेवतो, त्यामुळे वीज गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. आज्ञा लिहिताना जुनी डिस्क आधी, नवी नंतर. उलट झालं तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरेल, तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी दोघांनी मिळून वाचा. पुढचं सगळं काम त्या इमेजवर, आणि तिथे आधी टेस्टडिस्क वापरा, कारण तो नोंदवही वाचून नावासकट फायली दाखवतो.

बाहेर काढलेल्या फायली एनटीएफएस डिस्कवरच ठेवा. लिनक्सच्या नेहमीच्या एक्स्ट४ पद्धतीत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि तिथे आपलं प्रत्येक अक्षर ३ बाइट खातं, काना-मात्रा वेगळ्या मोजून. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपतं. तुमच्या सासऱ्यांसारखी माणसं नावातच तिथी, घर आणि गाणाऱ्याचं नाव लिहितात. अशी लांब नावं तिथे अडतात.

आता ती आल्फाची चिन्हं. तिथे नाव हरवलेलं नाही, कोणत्या आकड्याचं कोणतं अक्षर हे सांगणाऱ्या चुकीच्या तक्त्याने वाचलं गेलंय. नीट पाहिलंत तर मराठी नावांत आल्फाच्या पुढे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला इंग्रजी एन दिसेल, लहान किंवा मोठा. गुजराती नावांत त्याच जागी टोकाला खाली वळलेली आडवी रेघ किंवा अर्ध्याचा अपूर्णांक असेल. म्हणजे नाव वाचता आलं नाही तरी भाषा ओळखता येते! मूळ झिप असेल तर ती भाच्याच्याच लॅपटॉपवर पुन्हा उघडा, नावं सरळ दिसतील. नसेल तर कन्व्हएमव्ही हा छोटा प्रोग्रॅम त्या चिन्हांची अक्षरं करून देतो. तो आधी नुसतं दाखवतो, सांगितल्याशिवाय नाव बदलत नाही. मात्र जिथे निव्वळ प्रश्नचिन्हं उरली असतील, तिथून काही परत येत नाही.

आणि नोंदवहीच खराब निघाली तर? तेव्हा फोटोरेकला पर्याय नाही. पण फोल्डर उघडलेलं असताना घरात कुणी मोबाइलवर पडद्याचा फोटो काढला होता का, हे आजच विचारा. त्यात नावाशेजारी फाईलचा आकारही दिसू शकतो. बिननावाच्या फायलींचा आकार त्याच्याशी ताडून पाहा, जवळपास जुळतो. जिथे शंका राहील ती फाईल सासूबाईंना ऐकवा, शेजारी वही घेऊन बसा.