वेल्सच्या खाणींत इलेक्ट्रम मिळतं का, आणि त्याचा एखादा खडा विकत घेता येईल का?

मिळतं. खडा मात्र विसरा.

आपला सराफ ज्याला हिणकस म्हणेल, तसं चांदी मिसळलेलं सोनं निसर्गानंच घडवलं की ते इलेक्ट्रम. सोन्याचा आणि चांदीचा अणू आकारानं जवळजवळ सारखा, त्यामुळे दोघं हव्या त्या प्रमाणात एकमेकांत मुरतात. चांदी साधारण २० टक्क्यांवर गेली की इलेक्ट्रम म्हणायचं, ही रेघ माणसानं ओढलेली. खनिजांच्या अधिकृत यादीत ते सोन्यातच मोडतं.

वेल्सचं सोनं म्हटलं की सगळे डोल्गेल्लाइ गावाकडे धावतात. तिथल्या क्लोगाय खाणीच्या सोन्याची अंगठी १९२३ पासून ब्रिटिश राजघराण्यातल्या लग्नांत वापरतात, मग धावणारच! कँब्रियन या प्राचीन कालखंडातल्या काळ्या शेलमधून (थरांच्या चिखली खडकातून) गेलेल्या गारगोटीच्या (क्वार्ट्झच्या) शिरांत हे सोनं आहे. त्यातही थोडी चांदी असते, पण सहसा इलेक्ट्रमच्या रेघेपर्यंत पोचत नाही.

इलेक्ट्रमसाठी अँगलसी बेटावरच्या पॅरिस माउंटनकडे बघायला हवं (फ्रान्सच्या पॅरिसशी नातं नाही). तांबं, शिसं, जस्त यांच्या त्या जुन्या खाणीच्या खनिजात इलेक्ट्रमचे अगदी बारीक कण अडकलेले आहेत. मध्य वेल्सच्या शिशाच्या पट्ट्यातही कोबाल्ट-निकेलच्या खनिजांसोबत ते सूक्ष्म कणांत दिसतं. गंमत अशी की या पट्ट्यात चांदी भरपूर होती, इतकी की १६३७ मध्ये ॲबेरिस्टविथच्या किल्ल्यात टांकसाळ काढायला राजाची परवानगी मिळाली. पण ती चांदी गॅलिना या शिशाच्या खनिजातली. तिथल्या सोन्याशी तिचा फारसा संबंध नाही.

मी भूशास्त्र शिकताना खनिजांचे घासून चकचकीत केलेले काप तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेत. परावर्तित प्रकाशात इलेक्ट्रमचा कण आजूबाजूच्या पायराइटपेक्षा (लोखंड-गंधकाच्या पिवळट खनिजापेक्षा) कितीतरी जास्त लखलखतो, आणि मऊ असल्यामुळे त्यावर ओरखडे दिसतात. चांदी जितकी जास्त, तितका पिवळेपणा कमी. नेमके टक्के हवे असतील तर नजर पुरत नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब हे बारीक कणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्रच लागतं. घरी तेजाबात टाकून बघू नका. सोनं बरंच असेल तर ते आतल्या चांदीला झाकून धरतं आणि तेजाब वरवरच चाटून जातं.

डोळ्यांनी बघायचंच असेल, तर लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये लिडियाची (आजच्या तुर्कस्तानातलं प्राचीन राज्य) अडीच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची इलेक्ट्रमची नाणी आहेत. रंग फिकट, लिंबासारखा. आपल्या बायका नाक मुरडतील असा.