सॅक्सोफोन आवडतो पण जॅझ डोक्यावरून जातं, कुठल्या अल्बमपासून सुरुवात करू?

सॅक्सोफोन आवडतो पण जॅझ लावलं की सगळे एकदम धावत सुटल्यासारखं वाटतं असं तुम्ही लिहिलंय, मग डोळे झाकून सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टरचा 'सोलव्हिल' लावा.

ऑक्टोबर १९५७ मध्ये हॉलिवूडला रेकॉर्ड झालेला अल्बम, सोबत पियानोवर ऑस्कर पीटरसन, गिटारवर हर्ब एलिस, बेसवर रे ब्राउन आणि ड्रम्सवर स्टॅन लेव्ही. एरवी पीटरसन म्हणजे सुरांचा नुसता पाऊस, पण इथे तो किती जपून वाजवतो बघा, वेब्स्टरला हवी तेवढी जागा देतो.

पहिल्यांदा 'टाइम ऑन माय हँड्स' ऐका, हेडफोन लावूनच. सूर लागायच्या आधी हवा ऐकू येते आणि सूर संपला तरी नुसता श्वास थोडा वेळ चालू राहतो, वेब्स्टर तो अजिबात लपवत नाही. ओठांची पकड सैल सोडून रीडवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावरच्या पातळ पट्टीवर, हळूच फुंकलं की असा मऊ, घोगरा आवाज येतो, त्याला सबटोन म्हणतात, आणि त्यात वेब्स्टरचा हात धरणारा मला तरी अजून भेटलेला नाही. सूर तो मोजकेच घेतो. विलंबित ख्याल ऐकताना एकेक स्वर कसा लागतोय तिकडे आपला कान असतो ना, तसाच इथे ठेवा, म्हणजे काही डोक्यावरून जाणार नाही.

आणि मऊ म्हणजे मिळमिळीत नाही हं! माणूस कॅन्सस सिटीचा, ब्लूज, म्हणजे जॅझच्या मुळाशी असलेलं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत, अंगात मुरलेला, १९४० मध्ये ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये 'कॉटन टेल'वर त्याने जो सोलो वाजवला तो आजही सॅक्सोफोन शिकणारी मुलं घोटतात. इथे 'लेट डेट' लावा, फुंकता फुंकता घशातून असा गुरगुरतो की हाच का तो मघाचा माणूस असं वाटतं.

नंतरच्या सीडीवर शेवटी तीन जादा ट्रॅक आहेत, त्यात वेब्स्टर चक्क पियानो वाजवतोय, कारण त्याची व्यावसायिक सुरुवात पियानोपासूनच झाली होती. गंमत म्हणून ऐका, आधी नको.

हे आवडलं तर लगेच दुसऱ्या दिवशी याच रिदम सेक्शनचे (ताल आणि साथ सांभाळणाऱ्यांचे) पीटरसन, एलिस, ब्राउन आणि ड्रम्सवर अल्विन स्टोलर असं घेऊन त्याने दुसरा सॅक्सोफोनवादक कोलमन हॉकिन्सबरोबर रेकॉर्ड केलेला अल्बम आहे तो घ्या, त्यातलं 'इट नेव्हर एन्टर्ड माय माइंड' आधी.