जुन्या संगणकावर पंधरा-वीस मिनिटांनी गेम अडखळू लागतो. नवा संगणक घ्यावाच लागेल का?

आपण दिलेली माहिती अशी आहे: २०१५ मध्ये घेतलेला घरचा संगणक, इंटेलचा कोअर आय-फाइव्ह ४४६० प्रोसेसर, ८ जीबीची एकच रॅम, जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज १०. जीटीए फाइव्ह हा गेम सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे बरा चालतो, नंतर एकाएकी जड होतो, आणि गाडी भरधाव नेली की समोरचा रस्ताच क्षणभर दिसेनासा होतो. दुकानदाराने नवा संगणक घ्यायला सांगितले आहे आणि यंदा तेवढा खर्च झेपणारा नाही.

माझे मत असे की, या गेमसाठी हा संगणक जुना झालेला नाही. एप्रिल २०१५ मध्ये गेम पीसीवर आला, तेव्हा तो चांगला चालावा म्हणून सुचवलेल्या सामग्रीत आय-फाइव्ह ३४७० प्रोसेसर, जीटीएक्स ६६० कार्ड आणि ८ जीबी रॅम होती. आपला प्रोसेसर त्याच्या पुढच्या पिढीतला आहे, आणि कार्ड थोडे उणे असले तरी फार मागे नाही. (२०२५ मध्ये आलेली याच गेमची सुधारित आवृत्ती निराळी आहे, तिला एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क, लागतेच, तेव्हा तूर्त जुनीच आवृत्ती ठेवावी.) शिवाय पहिली पंधरा मिनिटे गेम नीट चालतो, हाच सर्वांत मोठा पुरावा आहे. यंत्राची मुळातली ताकद कमी पडत असती, तर गेम पहिल्या मिनिटापासून रखडला असता. पंधरा मिनिटांत बदलते ते मुख्यतः तापमान. रस्ता दिसेनासा होणे हे मात्र वेगळे लक्षण आहे, त्याचे कारणही वेगळे आहे, आणि ही दोन दुखणी एकत्र आल्यामुळेच सगळा संगणक थकल्यासारखा वाटतो.

काहीही उघडण्यापूर्वी किंवा विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे, असा माझा आग्रह आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर, त्याच्यासोबत येणाऱ्या रिव्हाट्यूनरसह, कंपनीच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. गेम चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ते आकडे दाखवते. त्यात फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो आकडा), प्रोसेसरचे तापमान, त्याचा वेग मेगाहर्ट्झमध्ये, त्याचे कोअर किती टक्के कामात आहेत, कार्डाचे तापमान आणि कार्ड किती टक्के कामात आहे, एवढे आकडे निवडावेत. मग गेम सुरू करून पाचव्या आणि पंचविसाव्या मिनिटाला, शक्यतो नकाशावरच्या एकाच जागी उभे राहून, ते कागदावर लिहून घ्यावेत. हा कागद पुढच्या प्रत्येक निर्णयाच्या वेळी उपयोगी पडेल.

आकडे वाचायचे कसे, ते नीट सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे इथेच चुकीच्या वस्तूवर जातात. आपला प्रोसेसर ३.२ गिगाहर्ट्झचा आहे, म्हणजे पूर्ण भार असताना वेगाचा आकडा ३२०० च्या खाली यायला नको. पंचविसाव्या मिनिटाला तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात आणि वेग १५०० किंवा ८०० वर घसरलेला दिसला, तर प्रोसेसर स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी मुद्दाम हळू चालतो आहे, असे समजावे. वेग ३२०० वर टिकून आहे, चारही कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे चार भाग) शंभर टक्क्यांवर आहेत आणि कार्ड मात्र पन्नास-साठ टक्क्यांवर रेंगाळते आहे, तर अडथळा प्रोसेसरच्या ताकदीचा आहे. कार्ड ९५ टक्क्यांच्या वर सतत राहत असेल, तर मर्यादा कार्डाची आहे आणि गेमची सेटिंग उतरवली की ती सैल होते. दोघेही निवांत असताना चित्र अडखळत असेल, तर हार्ड डिस्ककडे बोट जाते.

माझ्याकडेही याच पिढीचा संगणक आहे, अकोल्यात, आणि २०२१ च्या मे महिन्यात त्याची हीच तऱ्हा झाली होती. दुरुस्तीला नेला तेव्हा आधी फॉरमॅट केला, महिन्याभराने पुन्हा फॉरमॅट केला, आणि तिसऱ्या खेपेला मदरबोर्ड बदलण्याचा खर्च सांगितला गेला. त्या दोन्ही खेपांत कोणी तापमान पाहिले नव्हते. शेवटी मी घरी कॅबिनेटची बाजू उघडली. प्रोसेसरवरचा पंखा चार प्लॅस्टिकच्या पायांवर मदरबोर्डला धरलेला असतो. त्यांतला एक पाय उचकटून वर आला होता आणि अख्खा हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, एका बाजूला तिरका झुकला होता. पंखा काढला, तेव्हा त्याच्या आणि हीटसिंकच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा असा जाड थर निघाला की, तो चिमटीत धरून कापडासारखा उचलता आला. त्यात सरकीच्या कापसाचे तंतूसुद्धा होते, कारण आमच्या भागात जिनिंगच्या दिवसांत ते हवेतच असतात. खालची थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवणारा लेप, वाळून चुन्याच्या पापुद्र्यासारखी झाली होती. साफसफाई करून, नवी पेस्ट लावून पाय घट्ट बसवला आणि तोच गेम लावला, तेव्हा ९८ अंशांवर जाणारा आकडा ७० च्या आसपास थांबला. खर्च झाला तो पेस्टच्या एका नळीचा.

म्हणून आपणही पहिले काम हेच करावे. सीपीयू म्हणजे खरे तर प्रोसेसर, पण आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणायची सवय आहे, त्यामुळे सीपीयू साफ करा म्हटले की दुकानात बाहेरून ब्लोअर मारून डबा परत देतात. त्याने हीटसिंकच्या पोटातली धूळ निघत नाही. संगणक बंद करून वायर भिंतीतून काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे म्हणजे उरलेली वीज निघून जाईल, आणि कॅबिनेट अंगणात किंवा गच्चीवर न्यावे. आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. वाऱ्याने ती बेफाम फिरली तर बेअरिंग खराब होते.

इंटेलच्या पंख्याच्या प्रत्येक पायाच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. त्या दिशेने डोके पाव वळसा फिरवून वर ओढले की पाय सुटतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत होईपर्यंत पुसावी. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध तुरीच्या दाण्याएवढी ठेवावी. बोटाने पसरू नये, हीटसिंकचा दाब ती आपोआप पसरवतो. बसवताना चारही डोकी उलट वळवून मूळ जागी आणावीत आणि समोरासमोरचे पाय जोडीने दाबावेत. प्रत्येक पाय बसल्याचा टक असा आवाज यायलाच हवा. एवढे करूनही एखादा पाय बसला की नाही अशी शंका राहिली, तर हीटसिंक हलकेच हलवून पाहावा. तो तसूभरही डुगडुगता कामा नये. ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यावरची धूळ त्याच बैठकीत लहान रंगाच्या ब्रशने काढावी.

खोलीचाही विचार करायला हवा. पंखा हवा गार करत नाही, तो फक्त आतली उष्णता खोलीतल्या हवेत टाकतो. त्यामुळे जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७० वर राहणारा प्रोसेसर मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत ८५ च्या आसपास जाणार, हे गृहीत धरावे. कॅबिनेट संगणक-टेबलाच्या बंद कप्प्यात असेल, तर ते आजच बाहेर काढावे आणि मागे किमान वीतभर जागा सोडावी. विदर्भ-खानदेशात उन्हाळ्यात खोलीत पाण्याचा कूलर लावलेला असतो. त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नये, कारण दमट हवेबरोबर आलेली धूळ पात्यांना चिकटून बसते आणि नंतर ब्लोअरनेही सुटत नाही.

आता रस्ता दिसेनासा होण्याबद्दल. हा गेम संपूर्ण शहर एकदम रॅममध्ये घेत नाही. आपण पुढे जातो तसतसे पुढचे रस्ते आणि इमारती डिस्कवरून आणत राहतो. जुनी हार्ड डिस्क सलग फाइल वाचताना सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी देते, पण हे तुकडे विखुरलेले असतात, आणि असे वाचन करताना तिचा वेग एक-दोन एमबीवर येतो, कारण आतली सुई प्रत्येक तुकड्यासाठी इकडून तिकडे धावत असते. गाडी हळू असली तर डिस्क कशीबशी पुरी पडते; वेग वाढला की मागे राहते. खात्री करायची असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि डिस्कचा रकाना पाहावा. तो १०० टक्क्यांवर अडकलेला दिसेल, असा माझा अंदाज आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगते. त्यात वाचता न येणाऱ्या किंवा बदललेल्या सेक्टरांची (डिस्कवरच्या माहितीच्या छोट्या कप्प्यांची) संख्या शून्याहून जास्त दिसली, तर गेमचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी घरातले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. दहा वर्षे चाललेल्या डिस्कबाबत ही शक्यता खरोखरच असते, आणि गेलेला गेम पुन्हा उतरवता येतो, फोटो येत नाहीत.

यावर उपाय म्हणजे साटा जोडणीची एसएसडी. ती आपल्या मदरबोर्डवर चालते आणि सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. मात्र तिने फ्रेम रेट वाढत नाही, हे आधीच स्पष्ट करतो. तिने अडखळणे थांबते, रस्ता वेळेवर समोर येतो आणि विंडोज काही सेकंदांत सुरू होते. विंडोज आणि हा एक गेम मिळून दोनशे जीबीच्या आत बसतात, पण थोडी मोकळी जागा राहावी म्हणून मी ५०० जीबीची घेण्यास सुचवेन. जुनी हार्ड डिस्क सुस्थितीत असेल, तर चित्रपट-फोटोंसाठी ती तशीच राहू द्यावी.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावलेली आहे, मदरबोर्डला नाही, याची खात्री करावी. साफसफाईनंतर ही चूक हमखास होते. पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवावा. दोन अँटिव्हायरस एकत्र असतील तर एक काढावा, आणि स्टार्टअपच्या यादीतले अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. रॅम वाढवून संगणक वेगवान करून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या वाटेला जाऊ नये. गेममध्ये एमएसएए (कडा गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद, गवत नॉर्मलवर आणि सावल्या एक पायरी खाली आणल्या, तर दिसण्यात फारसा फरक पडत नाही, पण कार्डाचा भार बराच उतरतो. सेटिंगमध्ये दिसणारी व्हिडिओ मेमरीची, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या मेमरीची, पट्टी २ जीबीच्या आत राहील असे बघावे. त्यानंतरही कार्ड कमी पडले, तर रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १६०० बाय ९०० करावे; कार्डाला रंगवायचे ठिपके सुमारे तीस टक्क्यांनी घटतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आपला प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. याचा गेमच्या वेगाशी संबंध नाही, पण सुरक्षेशी आहे. या संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर ते दुसऱ्या यंत्रावर करावेत.

खर्चाचा क्रम ठरवताना मी एक प्रश्न विचारतो: ही वस्तू पुढच्या संगणकात जाईल का? एसएसडी जाईल. आपली रॅम डीडीआर३ प्रकारची आहे, नव्या मदरबोर्डात ती बसतही नाही, म्हणून तिच्यावर नव्या मालाचे पैसे घालू नयेत. टास्क मॅनेजरमध्ये गेम चालू असताना रॅम ९० टक्क्यांच्या वर दिसली, तरच आणखी एक ८ जीबीची जुनी पट्टी घ्यावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि बऱ्याच शहरांतल्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानांत ती मिळते. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की मेमरीची वाट दुप्पट रुंद होते, हा त्यातला वरकड लाभ. मदरबोर्ड किंवा प्रोसेसर बदलण्यासाठी मात्र, दुकानदाराने कितीही सांगितले तरी, पेस्ट लावल्यानंतरचे पंचविसाव्या मिनिटाचे आकडे हातात आल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. ते आकडे इथे लिहिलेत, तर पुढचे मी पाहून सांगेन.